बेडूक कायद्यात आला, त्याचं डबकं बाहेरच राहिलं

प्रति,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य
(आणि वाचेल त्या प्रत्येकाला)

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एक तर मला कुणा एका सरपंचाला बदनाम करायचं नाही, सगळीकडे हेच चाललंय, आणि दुसरं म्हणजे मला उद्या सकाळी याच गावात दूध आणायला जायचंय.

आधी माझं पाप सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. मी एका कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये एकोणतीस वर्षं अटेंडंट होतो. त्यातली पहिली वीसेक वर्षं पावसाळा लागला की माझं एक ठरलेलं काम, बेडूक आणणे. सर चिठ्ठी द्यायचे, बारावीला इतके, एफवायला इतके, आणि मी रात्री बॅटरी आणि बारदान घेऊन आमच्या गावतळ्यावर. डोळ्यावर उजेड मारला की बेडूक जागचा हलत नाही, मागून कमरेत धरायचा आणि बारदानात टाकायचा, हात बुळबुळीत होतात म्हणून मधेमधे माती चोळायची. गावातली पोरंपण आणून द्यायची, नगाला दोन रुपये, नंतर पाच झाले. सकाळी क्लोरोफॉर्मची बरणी, मग मेणाच्या ट्रेमध्ये उताणा, चार पायांना चार टाचण्या, आणि पोरं कात्री घेऊन हृदय शोधायची तेव्हा ते धडधडतच असायचं. वर्षाला दोन-सव्वादोनशे धरले तर एकूण चार हजाराच्या वर जातात. हा हिशोब मी रिटायर झाल्यावर एकदाच केला, परत केला नाही. पुढे कमी कमी होत गेलं, 2014 ला यूजीसीने कॉलेजात प्राणी कापणं बंदच करायला सांगितलं आणि आमच्या टाचण्या कपाटात गेल्या. पण या सगळ्या वर्षांत या बेडकाला देशाच्या कायद्यात काही संरक्षण आहे हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही. मी आपलं रजिस्टरला लिहायचो, बेडूक, पंचवीस नग.

तर असा माणूस तुम्हाला बेडकाबद्दल पत्र लिहितोय. हसायचं असेल तर हसून घ्या, पण पत्र पूर्ण वाचा.

यंदा काय झालं ते सांगतो. मृग कोरडा गेला, पहिला दणक्याचा पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आला आणि साडेदहाला तळ्याकडून आवाज सुरू झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. मी छत्री घेऊन गेलो. मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात, तो बाकीचं वर्षभर मातकट हिरवा असतो, पण या दोन-चार रात्री नर हळदीसारखे पिवळेधम्मक होतात आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे येतात. बॅटरीच्या उजेडात पाण्यात हळकुंडं तरंगल्यासारखी दिसतात. माझ्या नोकरीच्या दिवसांत ते मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं इतके असायचे. यंदा मोजले. एकोणीस. रस्त्यावर गाडीखाली गेलेले सात वेगळे.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखा थर होता, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. चार-पाच दिवसांत ते ठिपके शेपट्या हलवायला लागले. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला.

तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय म्हणे. चारी बाजूंनी उभी दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, रेलिंग, लाइटचे खांब, मधे कारंजं. चांगलं आहे, मीपण संध्याकाळी बसायला जाईन. पण पाया खणायला पाणी नको म्हणून पाच हॉर्सपॉवरची मोटार लावून तळं उपसलं आणि पाणी नाल्यात सोडलं, भर पावसाळ्यात, जिथे उन्हाळ्याचे तीन महिने तळ्यात क्रिकेट चालतं तिथे! चिखलात जी बेडूकपिल्लं राहिली ती वळवळत होती आणि बगळे अंगणात टाकलेले दाणे टिपावे तसे टिपत होते. मी सुपरवायझर पोराला म्हटलं, आठ-पंधरा दिवस थांब रे, पाय फुटले की ती आपणहून निघून जातील. तो बारावीला आमच्याच लॅबमध्ये होता. म्हणाला, "आबा, बेडूक मरी ग्यात ते काय हुई?" वाईट बोलला असं नाही, त्याला खरंच प्रश्न पडला होता, आणि हा प्रश्न त्याला पडावा यात माझाही हात आहे, मीच तर त्याच्या ट्रेमध्ये टाचून ठेवलेला आणून दिला होता.

मग वनखात्याच्या एका ऑफिसला फोन केला. पलीकडचा माणूस नीट बोलला. म्हणाला, "साप असेल तर सांगा काका, लगेच माणूस पाठवतो." म्हटलं बेडूक आहेत. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "अर्ज द्या." अर्ज दिला, पोच घेतली, जुलै संपला.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली तक्रार यादीची. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या यादीत, शेड्युल चारमध्ये, बेडूक म्हणून 'राना' हे एका जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाचं, नाव लिहिलेलं होतं. शास्त्रज्ञांनी पुढे त्या रानाचे तुकडे पाडले, आमचा मोठा बेडूक आधी राना टायग्रिना होता तो होप्लोबॅट्राकस टायगेरिनस झाला, म्हणजे कायद्यातलं नाव एक आणि पुस्तकातलं दुसरं. आणि भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे टोड, आपल्याकडे घराच्या ओट्याखाली बसतात ते, ते राना गटातले नाहीतच, त्यामुळे त्यांना त्या ओळीचा काही उपयोग नव्हता. 2022 च्या दुरुस्तीने सहाची चार शेड्युलं झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहेत, याद्या नव्याने लिहिल्या गेल्या. चांगलं झालं. पण त्या याद्या इंग्रजी आणि लॅटिनमध्ये, बारीक टायपात. बीटवरच्या गार्डला, पोलीस पाटलाला, ग्रामसेवकाला त्यातून काय कळणार? वाघाची आणि बिबट्याची पोस्टरं भिंतीवर आहेत, बेडकाचं एक पोस्टर मला दाखवा, मी चहा पाजतो.

दुसरी तक्रार अंड्यांची, आणि ही मी स्वतः कायदा वाचून शोधलीय म्हणून मला जरा जास्तच महत्त्वाची वाटते. कायद्यात प्राणी म्हणजे काय ते सांगताना उभयचर धरलेत, पिल्लं आणि अंडीसुद्धा धरलीत. पण शिकार म्हणजे काय हे जिथे सांगितलंय तिथे अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं ही गोष्ट पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यापुरतीच लिहिलीय. उभयचर त्या ओळीत नाहीत. म्हणजे बघा, बेडूक वर्षातून एकदाच, दोन-चार रात्रीत सगळी अंडी उघड्या पाण्यावर टाकतो, ना घरटं ना राखण, एका तळ्यात त्याची अख्खी पिढी तरंगत असते, आणि नेमकी तिचीच नावानिशी सोय नाही. माझ्या हातात एक बेडूक सापडला तर मी गुन्हेगार, आणि मोटार लावून हजारो पिल्लं उपसली तर ते विकासकाम.

तिसरी तक्रार पाण्याची, खरं तर हीच मुख्य. बेडूक जगतो कुठे? उन्हाळाभर जमिनीत, मातीत पुरून घेऊन, आणि पावसाळ्यात डबक्यात. ही डबकी कुणाची? पाणथळ जागांचे 2017 चे नियम उघडा, त्यात पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी माणसाने बांधलेले पाणवठे मोजायचेच नाहीत असं लिहिलंय. भाताची खाचरंपण नाहीत. खान्देशात माणसाने न बांधलेलं पाणी उरलंय तरी किती? तापी, गिरणा, पांझरा, अनेर या नद्या सोडा, नद्यासुद्धा त्या व्याख्येत नाहीत. बाकी सगळं गावतळं, पाझर तलाव, शेततळं, नाला बंडिंगचं पाणी, विटभट्टीने केलेला खड्डा. शेततळ्याला तर प्लास्टिकचा कागद घातलेला असतो, त्यात पडलेला बेडूक घसरून घसरून मरतो पण बाहेर येत नाही, हे केळीवाल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. कागदाच्या कडेला एक जुना दोर किंवा जाळी सोडून ठेवली की तो चढून येतो, खर्च शून्य, पण हे सांगणार कोण.

गाळाबद्दलही लिहितो, आणि इथे मी परत आरोपीच आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, मी स्वतः दोन ट्रॉल्या गाळ वावरात टाकला. मे महिन्यात ढेकळं फोडताना एका ढेकळातून मोठा बेडूक निघाला, डोळे मिटलेले, अंगाला माती चिकटलेली, मला वाटलं मेलाय. पाणी शिंपडल्यावर एक डोळा उघडला. त्या दोन ट्रॉल्यांत असे तीन सापडले, जेसीबीच्या दातात किती गेले ते कोण बघतंय. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही, म्हटलं तर शेतकरी मला बदडतील. पण तळ्याचा एखादा काठ, चार-पाच मीटरचा पट्टा, न खणता सोडायला काय जातं?

आता तुमच्यातला कुणी अभ्यासू माणूस म्हणेल, मोठा बेडूक रेड लिस्टमध्ये, म्हणजे कुठला जीव किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या जागतिक यादीत, चिंता नाही या रकान्यात आहे. आहे, मी लपवत नाही. अंदमानात तर माणसांनी नेलेला हाच बेडूक तिथल्या लहान जिवांना खातोय म्हणून डोकेदुखी झालाय. पण याच चिंता नसलेल्या बेडकाच्या तंगड्या आपण जहाजं भरभरून परदेशात पाठवत होतो आणि 1987 ला देशाला ती निर्यात बंद करावी लागली, त्याच्या दोन वर्षं आधी, 1985 ला, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात त्याचं नाव घालावं लागलं. तेव्हा चिंता होती ना?

आणि ज्याची चिंता आज खरंच आहे तो आपल्याच राज्यात दुसऱ्या टोकाला बसलाय. माझी मुलगी सावंतवाडीला दिलीय. जावईबापूंनी एका पावसाळ्यात आंबोलीला नेलं, लोक धबधब्यात नाचत होते आणि जावयांच्या मित्राने आम्हाला रस्त्याकडेच्या जांभ्या दगडावर वाकायला लावलं. ओंजळभर पाणी साचलेलं, त्यात अंगठ्याच्या पेराएवढा भेक, कुशीवर पिवळे पट्टे. 2009 ला बेडकांचे अभ्यासक प्रा. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याला झँथोफ्राइन टायगेरिना असं नाव दिलं, आंबोली आणि आसपासचा थोडा भाग सोडला तर हा जगात कुठेच नाही, रेड लिस्टमध्ये तो अतिसंकटग्रस्त आहे, त्याच्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसा. अंडी घालतो ती त्या कातळावरच्या ओंजळभर पाण्यात. मी चाळीस वर्षं बेडूक बघतोय पण त्या दिवशी मला पाय कुठे ठेवावा कळेना. पाच फुटांवरून गाड्या जात होत्या. आमचा बेडूक टायगेरिनस आणि हा टायगेरिना, दोघांच्याही नावात वाघ आहे, म्हणून तरी तुमच्या मीटिंगमध्ये यांना पाच मिनिटं मिळावीत.

2023 ला जगभरातल्या उभयचरांचा हिशोब प्रसिद्ध झाला, शंभरातले जवळपास 41 धोक्यात. पक्षी आणि सस्तन प्राण्यांत हे प्रमाण बरंच कमी आहे. कातडीतून श्वास घेणारा जीव आहे हो तो, आपण कपाशीवर आणि मक्यावर जे मारतो ते त्याच्या अंगात थेट उतरतं.

खान्देशातल्या माणसाला हे सांगायचा हक्क आहे असं मला वाटतं, कारण जीव गेला म्हणून कागदावर काट मारलेली असताना तो परत सापडतो ते आम्ही पाहिलंय. रानपिंगळा 1884 नंतर कुणाला खात्रीने दिसला नव्हता, पुस्तकात संपला होता, तो 1997 ला आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. त्याच्यामुळे यावल, तोरणमाळ ही नावं जगातल्या पक्षीवाल्यांना पाठ झाली. पण पिंगळा सापडायला 113 वर्षं थांबलं ते जंगल थोडंतरी उभं होतं म्हणून. कातळावर सिमेंट ओतलं तर भेक कुठे थांबणार?

मागण्या साध्या आहेत. शेड्युल बदलायचा अधिकार केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, लगेच ते कारण पुढे करू नका. कायद्याच्या आठव्या कलमात राज्य मंडळाने शेड्युलच्या दुरुस्तीबाबत राज्य सरकारला सल्ला द्यायचा असं स्वच्छ लिहिलंय आणि तुमचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. तर

एक, महाराष्ट्रातल्या सगळ्या बेडूक आणि भेकांची यादी, आजच्या शास्त्रीय नावाने, मराठी नावाने, फोटोसकट, कोण कुठल्या शेड्युलमध्ये आहे ते लिहून प्रत्येक रेंज ऑफिस आणि ग्रामपंचायतीत लावा. धोक्यातल्या ज्यांचं नाव राहिलंय किंवा खालच्या शेड्युलमध्ये आहे त्यांना जास्त संरक्षणाच्या वरच्या शेड्युलमध्ये घ्यायची शिफारस याच वर्षी करा.

दोन, शिकारीच्या व्याख्येतल्या अंड्यांच्या ओळीत उभयचर हा एक शब्द घालावा असा ठराव करून पाठवा. एकच शब्द आहे.

तीन, जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 38 खाली धोक्यातल्या प्रजाती जाहीर करता येतात, आंबोलीचा भेक आणि त्याचाच भाऊबंद कोयनेचा भेक यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे जोर लावावा. आणि कलम 37 चा जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा लहान पाण्यालाही मिळवून द्या. देता येतो हे राज्य सरकारनेच दाखवलंय, आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडाला 2021 ला एका माशासाठी दिला, आमच्या जळगावच्या लांडोरखोरीलाही तो दर्जा आहे, तिथे लोक सकाळी फिरायला जातात.

चार, आणि माझ्यासाठी हीच पहिली आहे. जून ते सप्टेंबर कुठल्याही गावतळ्याचं पाणी उपसायचं नाही, बांधकाम करायचं ते जानेवारी ते मार्च. प्रत्येक तळ्याची किमान एक बाजू मातीची, उताराची ठेवायची. हे टेंडरच्या अटीत टाका, त्याला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. उभ्या भिंतीच्या तळ्यात बेडूक उतरेल पण त्याची पिल्लं चढणार नाहीत.

पाच, पहिल्या पावसाच्या दोन-चार रात्री गार्डला बिबट्याइतकीच ड्युटी बेडकाची द्या. पोरं बारदान घेऊन त्याच रात्री येतात, आधी मी यायचो.

धोंडीचं तुम्हाला माहीत असेल. पाऊस लांबला की लिंबाचा पाला अंगाला बांधून, काठीला बेडूक टांगून पोरं दारोदार पाणी मागतात, बायका वरून तांब्याने पाणी ओततात. बेडकाचे त्यात हालच व्हायचे, ती प्रथा चालू ठेवा असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली धोंडी आली तेव्हा काठीला प्लास्टिकचा बेडूक होता, जत्रेतला, दाबला की आवाज करणारा. मी विचारलं तर पोरं म्हणाली, आबा, खरा सापडलाच नाही.

शेवटचं. तळं उपसलं त्या दिवशी मी चिखलातून दोन बादल्या पिल्लं भरून आणली आणि गुरांच्या जुन्या हौदात सोडली. ती एकमेकांनाच खातात, या जातीचा स्वभावच तसा, त्यामुळे आता साठ-सत्तर उरली असतील. कालपासून काहींना मागचे पाय दिसतायत. संरक्षित प्राणी परवानगीशिवाय घरी ठेवला म्हणून माझ्यावर केस होऊ शकते, नाकारत नाही, पंचनाम्याला या, हौद दाखवतो. फक्त येताना एवढं ठरवून या की पंधरा दिवसांनी यांना सोडायचं कुठे, कारण तळ्याची चौथी भिंत परवा पूर्ण झाली.

आपला,
एक रिटायर लॅब अटेंडंट
ता. चोपडा, जि. जळगाव